वातींवरचा ठिपका

रुक्मिणीबाईंना कीर्तनाचं भारी वेड. नव्या पेठेजवळच्या देवळात चातुर्मासात यज्ञेश्वरबुवा रोज तिसऱ्या प्रहरी कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या गळ्यात मध्यंतरात पडणारा तुळशीचा हार रुक्मिणीबाईच ओवीत. त्याच बुवांचा आज त्यांना असा संताप आला की अंगाची नुसती लाही झाली.

मूळ कारण घरातलं. धाकट्या भावाच्या घरीच त्या राहत. भावजय दाक्षायणीनं लक्षवातींचा नेम धरलेला. वाती मात्र वळायच्या तिच्या सुनेनं, मालतीनं. बोटांना राख लावायची अन् दिवसभर कापूस वळत बसायचं. मालतीला नखांच्या कडेची कातडी सोलायची खोड. काल पांढऱ्याशुभ्र वातींवर रक्ताचा ठिपका दिसला आणि दाक्षायणीनं घर डोक्यावर घेतलं. टोपली विटाळली, नेम मोडला! पोरीच्या सोललेल्या बोटांना तिनं मिरची चोळली आणि वर फर्मान सोडलं, "परवाच्या मोटारीनं अक्कलकोटला मामाकडं चालती हो. बोटं सुधारली तर ये, न्हाईतर तिथंच राहा." मालतीला आईबाप नव्हते. नवरा पुण्याला शिकायला.

रुक्मिणीबाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आत्याबाई, हात कधी गेला तेच कळत नाही हो. सालपट लागलं की ते निघेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. निघालं की घटकाभर बरं वाटतं. मग रक्त बघून लाज वाटते, अन् त्या लाजेनं हात परत तिथंच."

आणि आज बुवा पूर्वरंगात इंद्रियनिग्रहावर बोलता बोलता बायकांकडं वळून म्हणाले, "काही घरच्या सुना एकादशीलासुद्धा मांस सोडत नाहीत बरं का! स्वतःच्याच बोटांचं!"

देऊळ खदखदून हसलं. सगळ्यांत मोठ्यानं दाक्षायणी. मालतीनं हात पदराखाली लपवले, आणि पदराखालीही बोटं तेच करत होती, हे रुक्मिणीबाईंना दिसलं.

मध्यंतरात पुजारी हार मागायला आला. रुक्मिणीबाई तो घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"देत नाही. आधी बुवांनी उत्तर द्यावं. बुवा, पद आठवेनासं झालं की तुम्ही उपरण्याच्या दशा तोडता. एक दशी उरली नाही बघा. तुमच्या बोटांना कुणी मिरची चोळली का?"

आता हसू वेगळ्या बाजूनं फुटलं. बुवांनी दचकून उपरणं सोडलं.

"वन्सं, खाली बसा की! देवळात तमाशा कसला?" दाक्षायणी फणकारली.

"मांडला कुणी? सकाळी बुवांच्या कानाला कोण लागलं होतं? नेम तुझा, पुण्य तुझं, अन् राखेनं कातडी तडकायची ती हिची? त्यावर मिरची! ही भक्ती म्हणायची होय गं?"

बुवा खाली मान घालून म्हणाले, "बाई, माझं चुकलं. ऐकीव गोष्टीवर पोरीला भर सभेत बोललो. हार नको आज मला."

"घ्या हार. देवाचं काम थांबायला नको," रुक्मिणीबाई म्हणाल्या, पण आवाजातली धार तशीच होती. मग भावजयीकडं वळल्या, "मालती कुठंही जात नाही. तुझ्या नवऱ्याला मी कडेवर खेळवलंय, त्याला मी सांगते. आणि राहिलेल्या वाती तू वळायच्या."

एवढ्या बायकांसमोर दाक्षायणीला 'नाही' म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटची मोटार मालतीवाचून गेली. रुक्मिणीबाईंनी पोरीच्या बोटांना लोणी लावलं. दुपारी तांदूळ निवडता निवडता मालतीचं एक बोट परत दुसऱ्यावर फिरू लागलं. माजघरात वाती वळणाऱ्या दाक्षायणीनं तोंड उघडलं मात्र, रुक्मिणीबाई कडाडल्या,

"एक शब्द बोलून बघ!"

आणि लोण्याची वाटी घेऊन त्या मालतीजवळ जाऊन बसल्या.