भीमनगरच्या हापशाचा तक्ता

धम्मानंदचे दुधाचे दात पडले आणि नवे आले ते तपकिरी डाग घेऊनच. तेव्हापासून पोरगं हसताना तोंडावर हात धरायला लागलं. भीमनगरातल्या निम्म्या पोरांची हीच तऱ्हा. बाप तंबाखू खात असेल तर पोरांचे दात असे होतात, असं गावातली शहाणी माणसं सांगायची. त्याच्या बापानं, नरसिंगनं, जन्मात सुपारीचं खांडसुद्धा चघळलं नव्हतं; पण शहाण्यांना कोण सांगणार?

धम्मानंदची बहीण स्नेहल आठवीत होती, गावच्याच मराठी शाळेत. गाव कर्नाटकात, खजुरीच्या पुढं, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटून. पाट्या कानडीत आणि भांडणं मराठीत. शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं तेव्हा बाकीच्या पोरांनी ज्वालामुखी आणि थर्माकोलची सूर्यमाला धरली. स्नेहल श्रीहरी सरांकडं गेली आणि म्हणाली, "सर, आमच्याकडच्या पोरांचे दात कामून असे व्हायलेत ते मला बघायचंय."

सर माणूस चांगला. त्यांच्या चांगुलपणालाही हद्द होती, पण ती नंतर कळली. पंचायतीत पाणी तपासायची पेटी धूळ खात पडली होती, ती त्यांनी मागून आणली. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. रंग गुलाबी राहिला तर पाणी चांगलं, पिवळा पडला तर त्यात फ्लोराइड जास्त. स्नेहलनं चार बाटल्या भरल्या. गावच्या टाकीची, वरच्या गल्लीतल्या बोअरची, शाळेच्या बोअरची आणि भीमनगरच्या हापशाची. पहिल्या तीन गुलाबी. चौथी पिवळी. तिनं ते तीनदा केलं आणि तीनदा पिवळंच आलं.

मग ती भीमनगरची एकतीस घरं फिरली. कुणाच्या घरी किती माणसं, कुणाचे दात डागाळलेत, कुणाचे गुडघे आखडलेत, सगळं विचारून तक्ता केला. तक्त्यात सगळ्यात वर तिनं स्वतःचं घर लिहिलं. दुसऱ्याचं उघडं करायचं आणि आपलं झाकायचं, हे तिला पटेना. सरांनी दिलेल्या नमुन्यात धंद्याचाही रकाना होता. तिथं तिनं आईचं नाव घालून ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'ज्योत्स्ना, स्वयंपाकी, आपली शाळा.' ज्योत्स्ना तीन वर्षांपासून शाळेत दुपारचं जेवण शिजवत होती. लेकीला रेघा सरळ मारता याव्यात म्हणून पट्टी धरून तीच शेजारी बसली होती.

"गल्लीचं नाव कशाला घालतेस? 'नमुना चार' लिही की," सर म्हणाले.

"नाव न्हाई घातलं तर सर, नळ कुठं आणायचा हे कुणाला कळंल?"

तेव्हाच सरांनी तिला हाताला धरून थांबवायला हवं होतं.

प्रदर्शनाला शाळा समितीचे अध्यक्ष नरहरराव पाहुणे म्हणून आले. स्नेहल न अडखळता बोलली. वरच्या गल्लीपासून तीनशे पावलं पाइप ओढला तर एकतीस घरांना चांगलं पाणी मिळेल, हे तिनं काठीनं नकाशावर दाखवलं. पहिला नंबर तिचाच आला. नरहररावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तक्त्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावभर मोबाइलवर फिरला. ज्योत्स्नानं तो दहा जणींना दाखवला.

चौथ्या दिवशी शाळेत अर्ज आला. खाली साठ सह्या, सोबत तक्त्याचा फोटो. 'भीमनगरचे पाणी दूषित असल्याचे शाळेच्याच प्रदर्शनात सिद्ध झाले आहे. ते पाणी पिणाऱ्या बाईच्या हातचे अन्न आमच्या मुलांच्या आरोग्यास घातक आहे. तरी स्वयंपाकी बदलावी.'

तीन वर्षं हीच माणसं नाक मुरडत होती. पोरांना घरून डबे देत होती, पोट दुखतं म्हणून चिठ्ठ्या पाठवत होती. खरं कारण तोंडातून काढायची सोय नव्हती. ॲट्रॉसिटी लागली असती. आता त्यांना धुतल्या तांदळासारखं कारण मिळालं, आणि ते त्यांच्या हातात दिलं ज्योत्स्नाच्याच लेकीनं.

समिती आठवीच्या वर्गात बसली. ज्योत्स्ना दाराशी उभी. स्नेहलला आत बोलावलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. फ्लोराइड हातानं लागत नाही. एकाचं दुसऱ्याला होत नाही. शाळेचा स्वयंपाक शाळेच्या बोअरवर होतो आणि ती बाटली गुलाबी आहे, तक्त्यातच लिहिलंय. नरहररावांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. असल्या शांत माणसांची मला फार भीती वाटते.

"पोरी, तू हुशार हायस," ते म्हणाले. "आमाला एवढं कळत न्हाई. एकच सांग. तुमच्या हापशाचं पाणी खराब हाय, हे तू लिवलेलं खरं का खोटं? खोटं असंल तर एका कागदावर तसं लिहून दे. अर्ज आत्ता फाडतो. तुझी माय उद्याबी कामावर."

त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. स्नेहलनं सरांकडं बघितलं. सर हजेरीपटाची पानं उलटत होते. खोटं लिहिलं तर आईचं काम राहील आणि पाइप कधीच येणार नाही, एवढं तिला कळत होतं. तिनं पेन उचललं. 'मी' असं लिहून झालंसुद्धा.

"ठेव ते पेन," दारातून ज्योत्स्ना म्हणाली. "खरं हाय, अण्णा. तीनदा केलंय तिनं. मी बघितलंय."

"मग आमचा इलाज न्हाई," नरहरराव म्हणाले.

स्वयंपाकी बदलण्याचा ठराव पाच मिनिटांत झाला. पाइपाचं पुढच्या सभेत बघू, असं ठरलं. श्रीहरी सरांनीही सही केली, आणि सही करताना त्यांनी वर बघितलं नाही.

मायलेकी घरी निघाल्या. ज्योत्स्ना रागावली नाही, रडली नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर स्नेहलला बरं वाटलं असतं. मारुतीच्या देवळापाशी आल्यावर ज्योत्स्नानं विचारलं, "पाणी उकळलं की जातंय का गं ते?"

"न्हाई माय. उकळलं की उलटं वाढतंय."

"गाळलं तर?"

"न्हाई."

"मग धम्याला काय द्यायचं प्यायला?"

"दुसरं पाणी," स्नेहल म्हणाली आणि भर रस्त्यात मोठ्यानं रडायला लागली.