चौकटीचा फोटो

गृहकर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला लोक देव तरी समजतात, नाही तर यमाचा कारकून. दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये मी दोन्ही होते, आणि दोन्हींचा मला सारखाच वीट आला होता.

साकोलीच्या आमच्या शाखेत सात माणसांचं काम तिघं ओढत होतो. बाकीची चौघं तापाने घरी. दाराला दोरी बांधलेली, दोरीपलीकडे माणसं, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं : मॅडम, हप्ता पुढे ढकला. जवाहरनगरच्या फॅक्टरीतला एक कर्मचारी मात्र रोज फोन करून व्याज अर्ध्या टक्क्याने कमी होतं का ते विचारायचा. इकडे जग बुडत होतं आणि या बाबाला अर्धा टक्का हवा होता. मी त्याला एकदा चांगलंच फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याचा फोन.

त्या गर्दीत ताराचंद लांजेवारची फाईल होती. ताराचंदची पिठाची चक्की. वीस वर्षं भाड्याच्या टिनाच्या खोलीत चालवली. मालकाने खोली पावसाळ्याआधी रिकामी करायला सांगितली, तेव्हा त्याने तलावाकडच्या रस्त्यावर स्वतःच्या तुकड्यावर घर काढलं. पुढच्या खोलीत चक्की, मागे राहणं. कर्ज नवरा-बायको दोघांच्या नावावर. विमा घ्या म्हणून मी दोनदा सांगितलं, तर म्हणाला, "कायले जी मॅडम, हप्ता वाढते. मले का होते?" शंभर किलोचं पोतं एकट्याने उचलणारा माणूस. मीही आग्रह सोडला.

जोतं झालं, बँकेकडून पहिला पैसा गेला. पुढचा पैसा भिंती आणि स्लॅबचा, आणि तो द्यायचा चौकट उभी राहिल्यावर. एरवी आम्ही जाऊन पाहणी करायचो. महामारीत वरून पत्र आलं की दाराची चौकट आणि बाजूला कर्जदार किंवा सहकर्जदार, असा फोटो असला तरी चालेल. मुदत तीस एप्रिल. तोवर पैसा उचलला नाही तर मंजुरी रद्द, मग सगळे कागद नव्याने. त्या दिवसांत नवे कागद म्हणजे वाळूचं तेल काढणं.

चौदा एप्रिलला ताराचंदला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. घरातला एकुलता एक स्मार्टफोन त्याच्यासोबत गेला. मी त्याच्या बायकोच्या, शकुनबाईच्या, बटनाच्या फोनवर फोन केला.

"चौकट बसवून घ्या," मी म्हटलं. "मुदत जाईल."

"कशी बसवू जी मॅडम? घरधनी नाई घरी."

आमच्या भागात चौकट नवरा-बायकोने मिळून पुजायची असते. दोघांनी हळद-कुंकू लावायचं, आंब्याची पानं बांधायची, दोघांनी हात लावून ती उभी करायची आणि मग मिस्त्रीला नारळ द्यायचा. एकट्या बाईने चौकट बसवलेलं घर एकट्या बाईचंच राहतं, असं म्हणतात. बीजाच्या लाकडाची ती चौकट जोत्यावर आडवी पडून होती, आणि चौकटीशिवाय भिंत वर जात नव्हती. श्रावण मिस्त्री रोज येऊन बघून जायचा.

मी दर दोन दिवसांनी फोन करत राहिले. काळजी होती हे खरं, पण माझ्या तक्त्यात लांजेवारच्या नावापुढे लाल खूण होती आणि वरून रोज विचारणा व्हायची, हेही खरंच. आपण किती भले आहोत हे सांगायला मी बसलेले नाही.

बावीस तारखेला मी तिला सुपारी सुचवली. नवरा गावाला गेला असेल तर बायको पदराच्या टोकाला सुपारी बांधते, ती सुपारी म्हणजे नवरा, आणि पूजा दोघांची होते. नवरा परत आला की गाठ सोडून सुपारी त्याच्या हातात द्यायची. माझ्या आईने असं कितीदा केलेलं मी पाहिलं होतं.

शकुनबाई भडकली. "सुपारी गावाले गेलेल्याची बांधतेत मॅडम. दवाखान्यात पडेल माणसाची कोनी बांधते का? अपशकून नाई का होत? ते येतीन, मंग बसवू."

त्या दिवशी सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. दुपारी आमचा जुना शिपाई पुंडलिकराव गेल्याची बातमी आली होती, आणि ती ऐकूनही मी टेबलावरून उठू शकले नव्हते, कारण दोरीपलीकडे माणसं होती. या बाईचे शकुन-अपशकुन ऐकायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. जीभ सुटली ती सुटलीच.

"शकुनबाई, स्पष्ट सांगते. उद्या त्यांचं काही कमीजास्त झालं ना, तर बँक एक पैसा देणार नाही. सगळं जागच्या जागी थांबेल. झालेलं कर्ज डोक्यावर राहील आणि घराला छप्पर नसेल. मग बसा त्या जोत्यावर चौकट धरून."

तिने फोन ठेवला नाही, श्वास ऐकू येत होता. शेवटी मीच ठेवला. दोन मिनिटं वाईट वाटलं, मग पुढचा फोन वाजला.

अठ्ठावीसच्या संध्याकाळी तिचा स्वतःहून फोन आला. आवाज बसलेला.

"मॅडम, उद्या चौकट बसवतो. सुपारी बांधून. फोटो काढाले फोन नाई घरी. तुमी येता का?"

मला इतकं हायसं वाटलं की ताराचंद कसा आहे हे विचारायचं सुचलंच नाही. सुचलं असतं तर तिला तोंडावर खोटं बोलावं लागलं असतं. तेवढं तरी वाचलं, असं मी आता स्वतःला सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जायच्या आधी मी तिकडे स्कूटी वळवली. जोत्यावर चौघंच. श्रावण मिस्त्री, त्याचा एक गडी, शकुनबाई आणि बारावीतली तिची पोरगी गुड्डी. शकुनबाईने लग्नातलं असावं असं लाल लुगडं नेसलं होतं. कपाळभर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. पदराच्या टोकाला सुपारीची गाठ, इतकी घट्ट की कापड चुरगळलं होतं. मला बरं वाटलं. म्हटलं, बाईला अखेर अक्कल आली.

तिने चौकटीला हळद लावली, कुंकू लावलं. पानं बांधताना गाठ दोनदा सुटली. गुड्डी वाळूच्या ढिगावर पाठ करून बसली होती.

"गुड्डी, ये ना इकडे, पानं बांधू लाग आईला," मी म्हटलं.

"राहू द्या तिले," शकुनबाई म्हणाली. "तिले बरं नाई."

मी तोंडावरचा मास्क वर ओढून दोन पावलं मागे सरले. तेव्हा बरं नाही म्हटलं की सगळेच मागे सरायचे.

चौकट उभी राहिली. शकुनबाईने एक हात लाकडावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने पदराची गाठ लाकडाला टेकवली, म्हणजे दोघांचे हात लागले. मी फोटो काढला. तिने विचारलं, "सुपारी दिसते का जी फोटोत?" बँकेला सुपारीशी काय करायचंय, असं मनात आलं, पण हो म्हटलं, दिसते. मग तिने नारळ आणि टॉवेल श्रावणपुढे धरला. श्रावणने हात जोडले आणि नारळ घेतला नाही. "मंग घेईन वहिनी, सध्या राहू द्या." मिस्त्री आणि नारळ नाही म्हणतो? मला नवल वाटलं. पण साडेनऊ वाजत आले होते, आणि नवल वाटायला वेळ कोणाकडे होता?

अहवालात मी लिहिलं : कर्जदार रुग्णालयात, सहकर्जदार हजर, प्रत्यक्ष पाहणी केली. सही केली. तीस तारखेला दुपारी पैसा दोघांच्या जोडखात्यात गेला. तक्त्यातली लाल खूण मी पुसली आणि डबा उघडून जेवले. त्या महिन्यात भाजीची चव लागलेलं ते एकच जेवण.

मे महिन्यात मीच आडवी झाले. जूनमध्ये परत कामावर आले, तर धाप लागायची, नावं विसरायची. एके दिवशी दोरीपलीकडे शकुनबाई उभी दिसली. कपाळ मोकळं. हात मोकळे. मी उठून उभी राहिले, खुर्ची पुढे सरकवली.

"स्लॅब टाकून झाला जी मॅडम," ती म्हणाली. "चक्की बसली. हप्त्याच्या कागदावर आता माझं एकटीचंच नाव कराचं आहे म्हणे." आणि तिने दाखला पुढे ठेवला.

सवयीने माझी नजर आधी तारखेवर गेली. मृत्यू दिनांक : अठ्ठावीस एप्रिल. मी पुन्हा वाचलं. मग फाईल काढून फोटोची तारीख बघितली. एकोणतीस.

"शकुनबाई, ही तारीख बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"सकाळी की..."

"सकाळी आठ वाजता दवाखान्यातून फोन आला. माझे दीर गेले, धनीराम. बॉडी काई घरी देत नव्हते तवा. तिकडंच सारं झालं. दीर संध्याकाळी त्यायची थैली घेऊन आले, मोबाइल होता तिच्यात. मंग मी तुमाले फोन केला. मोबाइल घरी आला हे नाई सांगतलं, तुमाले समजलं असतं."

माझे कान गरम झाले. "सुतकात? सुतकात तुम्ही चौकट पुजली?"

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुमीच त सांगतलं होतं जी, त्यायचं कमीजास्त झालं त एक पैसा भेटणार नाई. मी तेच ध्यानात ठेवलं. दोन रोज रडली नाई मी. गुड्डीलेबी रडू देल्लं नाई. शेजारीण विचारे, तिले सांगो, बरे हायेत. श्रावणले मालूम होतं, पण तो बोलला नाई. तीस तारखेले त्यायच्या मोबाइलवर पैशाचा मेसेज आला. मंग बांगड्या फोडल्या."

मला लाज वाटली. नोकरीची भीती नंतर आली, आधी लाजच वाटली. ती वाक्यं मी उपाशीपोटी बोलले होते, दोन मिनिटांत विसरलेही होते. आणि या बाईने ती नियमाच्या पुस्तकासारखी पाळली होती.

मी अर्ज भरला. दाखला फोटोच्या मागे लावला. दोन्ही तारखा एकाखाली एक दिसत होत्या. मला त्या लपवता आल्या नसत्या आणि लपवायच्याही नव्हत्या. पाहणीला मी गेले होते, सही माझी होती. ज्याला विचारायचं असेल त्याने मला विचारावं, असं ठरवलं आणि शिक्का मारला.

कागद आवरले तरी ती उठेना. पदराशी चाळा करत होती. टोकाला अजून ती गाठ होती. लुगडं दुसरं, पांढुरकं, पण गाठ तशीच बांधलेली.

"सोडली नाही?" मी विचारलं.

"कोनाच्या हातात देऊ?"

मी शिक्क्याची डबी बंद केली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तो फोटो मले देता का? नियम नसन त राहू द्या. आमचा दोघायचा एकबी चांगला फोटो नाई. लग्नातला होता तो पाण्यानं गेला. ह्याच्यात दोघं आहो आमी."

नियम नव्हता. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन, न विचारता, रंगीत प्रिंटरवर तो फोटो काढला. छापून येताना आधी चौकट आली, मग तिचं कुंकू, शेवटी पदराची गाठ. साहेबांनी काय म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, लांजेवार नवरा-बायकोचा फोटो आहे.

तिने तो दोन्ही हातांनी घेतला, पासबुकात ठेवला, पासबुक थैलीत ठेवलं. दोरीखालून वाकून बाहेर जाता जाता ती थांबली.

"हप्ता पाच तारखेलेच भराचा ना जी?"

"हो," मी म्हटलं. "पाचलाच."