तळघरातला फोन

ट्रूडीने बापापुढची ताटली बाजूला सारली आणि तिथे प्रश्नांचा कागद ठेवला. समुपदेशक बाईंनी दिलेला. आई तर गेली, आता निदान वडिलांना समजून घ्या, म्हणे.

"प्रश्न चौथा. आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस?"

ऑर्विलने खिडकीबाहेर पाहिलं. "वारा उत्तरेचा झालाय."

"वा! लिहून घेते हं."

चाळीस वर्षं लोखंडाच्या खाणीत दगड फोडून हा माणूस दगडच झाला, असं ट्रूडीचं मत होतं आणि ते ती कुणापासून लपवत नसे. वीस वर्षं दर रविवारी ती मिनियापोलिसहून फोन करायची. बापाने उचलला तर ठरलेलं: "बर्फ पडतोय. थांब, आईला देतो." आईशी मात्र तासभर. त्यातला निम्मा वेळ बापाची सालटी काढण्यात जायचा.

"त्या ओंडक्याबरोबर जन्म कसा काढलास गं?" ती विचारायची. आई विषय बदलायची.

"खालून काकडीचं लोणचं आण," ऑर्विल म्हणाला. हे नवव्या प्रश्नाचं उत्तर.

ती धुसफुसत तळघरात उतरली. बरण्यांच्या फळीशेजारी त्याचं कामाचं टेबल, पुढे स्टूल, त्यावर आईने विणलेली उशी. भिंतीवर घरच्याच लाइनचा दुसरा फोन. त्याच्या बोलायच्या भागावर काळी चिकटपट्टी, थरावर थर. बाजूच्या जुन्या कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनांत त्याचं गिचमिड अक्षर: ट्रूडीचा गुडघा. ट्रूडीचे टायर झिजलेत.

त्या हिवाळ्यात तिच्या दारात नवे टायर आले होते. तिने आईचे आभार मानले होते.

ती बरणी न घेताच वर आली.

"बाबा, फोनला पट्टी कशाला?"

"खाणीची धूळ. श्वास घरघरतो माझा. तुला ऐकू गेला असता."

"म्हणजे सगळं ऐकायचात?"

"तुझी आई म्हणायची, तू मध्ये बोललास की पोर फोन ठेवते." त्याने काटा खाली ठेवला. "ओंडका म्हणालीस तेव्हा ती चिडली होती. मी नाही."

ट्रूडीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने कागदाची घडी घातली.

"रस्ता गोठायच्या आत निघ," तो म्हणाला. ती निघाली.

रविवारी तिने फोन लावला. पलीकडे उचलला गेला. बर्फ नाही, वारा नाही. नुसता घरघरणारा श्वास, अगदी कानाशी.

"बाबा," ती म्हणाली, "गुडघा परत दुखतोय."