बारा मीटर मागे

दहाव्याला कावळा शिवत नव्हता.

ओढ्याच्या काठी पिंड मांडून पाऊण तास झाला होता. बाभळीवर सहा-सात कावळे बसले होते, पण एकही खाली उतरायचं नाव घेत नव्हता. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आलेलं. लोक टोप्या सारख्या करत ताटकळले होते आणि सगळ्यांच्या मनात एकच होतं, की राधेश्यामचा जीव कशात तरी अडकलाय. चाळिशीचा धडधाकट माणूस, सकाळी सायकलवर जातो आणि दुपारी झोळीतून येतो. जीव अडकायला कारणं काय कमी असतात!

रामरावांनी, राधेश्यामच्या वडिलांनी, हात जोडले. "पोरींचं शिक्षण थांबणार न्हाई, राधेश्याम. मी हाय अजून." कावळे ढिम्म. राधेश्यामच्या बायकोचा भाऊ पुढे झाला. "वंदनाला काही कमी पडू देणार न्हाई आम्ही." कावळ्यांनी फांदीला चोची घासल्या. मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अरे, त्याची ती शर्यत राह्यली ना. आदिनाथ, तू बोल."

लोकांनी वाट करून दिली. आदिनाथ राधेश्यामचा शाळेपासूनचा दोस्त, बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात कारकून. दोघांनी मिळून फेब्रुवारीतल्या शर्यतीत नाव घातलं होतं. आधी दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर पळायचं, आणि हे सगळं एका दमात, एका दिवसात. गावाने दोन वर्षं डोक्याला हात लावून हा प्रकार पाहिला होता. दिवसभर शेतात राबून दमलेला माणूस पुन्हा हौसेने दमायला जातो, हे काही कुणाला झेपत नव्हतं. पण राधेश्याम गेला आणि आठ दिवसांत ते खूळ सगळ्या गावाचं स्वप्न होऊन बसलं.

"राधेश्याम, तुझी शर्यत मी पुरी करतो," आदिनाथ मोठ्याने म्हणाला.

कावळे बसूनच होते. आदिनाथच्या पाठीवरून घाम ओघळला. त्याने डोळे मिटले आणि ओठही न हलवता मनात म्हटलं, राध्या, मी खरं सांगतो. वहिनींना सगळं खरं सांगतो.

फडफड झाली. डोळे उघडले तोवर कावळ्याने भातात चोच घातली होती. लोकांनी सुस्कारा सोडला. "शर्यतीतच जीव गुंतल्ता बघा," असं जो तो म्हणू लागला. कावळ्याने कुठला शब्द ऐकला, हे एकट्या आदिनाथला ठाऊक होतं.

खरं काय होतं, ते सांगतो.

या शर्यतीत सायकलवाल्यांना एक नियम असतो. पुढच्याच्या पाठीला चिकटून जायचं नाही, कारण वारा पुढचा खातो आणि मागच्याला फुकटचा आराम मिळतो. दोघांत बारा मीटर अंतर सोडायचं. राधेश्याम नियमाचा पक्का. जालना-राजूर रस्त्यावर, जिथे ट्रॅक्टरवाला कुठलाच नियम ऐकून घेत नाही, तिथे हे दोन गडी मोजून बारा मीटर सोडून सायकली हाणायचे. दुसरा नियम त्यांचा घरचा होता. पुढच्याने मागे बघायचं नाही. मान वळली की हँडल वळतं. मागचा आहे की नाही, ते त्याच्या चाकाच्या आवाजावरून ओळखायचं. राधेश्यामची सायकल जुनी, तिच्या चाकाची टकटक लांबून ऐकू यायची.

त्या सकाळी राजूरच्या गणपतीला बाहेरूनच हात जोडून दोघं परत फिरले. एरवी राधेश्याम पुढे असायचा. त्या दिवशी आदिनाथने त्याला मागे टाकलं होतं, आणि दोन वर्षांत असं फार तर दोनदा घडलं होतं. पुलाच्या अलीकडे कुणीतरी अर्ध्या रस्त्यावर मका वाळत घातला होता. आदिनाथचं चाक दाण्यांवरून सरकलं, त्याने कसंबसं सावरलं. लगेच मागून खरडल्याचा आवाज आला, आणि काहीतरी जड पडल्याचा. टकटक बंद झाली.

खोटं कशाला बोला, त्याला कळलं होतं. राधेश्याम पडला, हे त्याला स्वच्छ कळलं होतं. याआधी दोघंही कितीदा तरी पडले होते, गुडघे फोडून घेऊन शिव्या देत उठले होते. तसाच येईल उठून, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण आतून जे वर आलं ते वेगळंच होतं. आज मी पुढे, एवढंच त्याला वाटलं. त्याने गिअर टाकला आणि जोर लावला.

फाट्यावर त्याने चहा घेतला. राधेश्यामला काय काय चिडवायचं, ते मनात जुळवत बसला. बराच वेळ झाला तरी रस्ता मोकळाच, तेव्हा तो उलटा निघाला.

राधेश्याम पुलाच्या बाजूला खाली गवतात, सायकलीसकट पडलेला होता. रस्त्यावरून दिसत नव्हता. डोळे उघडे होते. आदिनाथकडे बघून त्याने अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "कुठवर गेल्तास?"

"फाट्यापोत," आदिनाथ म्हणाला.

राधेश्यामने हुंकार दिल्यासारखं केलं. नंतर तो बोलला नाही. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

लोकांना आदिनाथने सांगितलं, की आवाज आला तसा मी लगेच फिरलो, पण जाग्यावरच गेल्ता. पहिल्यांदा ते भीतीपोटी तोंडातून निसटलं. मग रामराव तेच भेटायला येणाऱ्यांना सांगू लागले. "बिलकुल तरास झाला न्हाई लेकराला," असं म्हणून ते स्वतःच्याच गुडघ्यावर थोपटायचे. म्हाताऱ्याचा सगळा आधार त्या एका वाक्यावर उभा होता. ते काढून घ्यायचं म्हणजे काय करायचं, हे आदिनाथला कळत होतं, आणि म्हणून तो रोज सांगणं उद्यावर ढकलत होता.

त्याने मनाशी एक सौदा केला. शर्यत तरी पुरी करू. कदाचित तेवढ्यावर राधेश्याम ऐकेल.

राधेश्याम ऐकत नव्हता. आदिनाथ सायकल घेऊन रस्त्याला लागला, की पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत मागून टकटक सुरू व्हायची. बराबर बारा मीटरवर. हा जोर लावी, ती जवळ येत नसे. हा हळू होई, ती पुढे जात नसे. एकदा त्याने नियम मोडून मागे पाहिलं. रिकामा रस्ता होता, कडेला कपाशी वेचणाऱ्या दोन बाया होत्या, आणि आवाज चालूच होता.

पोहण्याचा सराव राधेश्यामच्याच शेततळ्यात चालायचा. तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, शेवाळाने गुळगुळीत झालेला, त्यावर पाय ठरत नाही. वर यायला काठावर खुंटीला दोर बांधलेला. पोहणाऱ्यांत अशी रीत असते, की मागच्याला पुढे जायचं असलं तर तो पुढच्याच्या पायाच्या बोटांना हात लावतो. त्या एवढ्याशा तळ्यात, एकट्याने पोहताना, आदिनाथच्या बोटांना हात लागायचा. हलकासा, ओळखीचा. आदिनाथ कडेला सरकून वाट करून द्यायचा. पुढे कुणीच जात नसे. तो दोर धरून वर यायचा आणि उन्हात कुडकुडत बसायचा.

"तुम्ही जेवताना बी मागं बघून राह्यले," त्याची बायको दैवशाला एकदा म्हणाली. "काय व्हतंय तुम्हाला?" तो म्हणाला, मान आखडलीये.

गावाने मात्र चौकात फलक लावला. डावीकडे राधेश्याम हार घातलेला, उजवीकडे आदिनाथ गॉगल लावलेला, आणि मध्ये 'मित्राचे स्वप्न पूर्ण करण्यास निघालेले' वगैरे वगैरे. खाली शुभेच्छुकांचे एकवीस फोटो, त्यातल्या निम्म्यांना शर्यतीत पोहायचं किती तेही ठाऊक नव्हतं. आदिनाथ त्या फलकाखालून जाताना मान खाली घालायचा. लोक म्हणायचे, किती साधा माणूस.

फेब्रुवारीत तो एकटाच शर्यतीला गेला. पश्चिमेकडच्या एका धरणावर पहाटेच पाचशे माणसं पाण्यात उतरली. लाथा बसल्या, कोपर बसले, बोटांना शंभर हात लागले. आदिनाथला चार महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं, कारण हे हात जिवंत माणसांचे होते. पण पाण्यातून निघून सायकलवर बसला, गर्दी पांगली, रस्ता मोकळा झाला, आणि मागून टकटक लागली. चाळिसाव्या किलोमीटरला मोटारसायकलवरचा पंच शेजारून गेला. त्याने आदिनाथच्या मागे नजर टाकली आणि अंतर ठीक आहे अशी हाताने खूण केली. कुणाला केली, ते आदिनाथने वळून पाहिलं नाही. त्याची हिंमतच झाली नाही.

धावताना पायात गोळे आले, उलटी झाली, तरी तो थांबला नाही. थांबलं की मागचा गाठणार. सात तास बेचाळीस मिनिटांत त्याने रेषा ओलांडली. वेळ चांगली होती. गळ्यात पदक पडलं, कुणीतरी केळं दिलं. तो जमिनीवर बसून रडला तेव्हा शेजारचे म्हणाले, पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं.

गावात हलगी वाजली. राधेश्यामच्या घरी पदक फोटोला घातलं गेलं. रामराव म्हणाले, "सुटला आता," आणि सगळ्यांना चहा पाजायला चौकात घेऊन गेले. घरात वंदना राहिली आणि आदिनाथ राहिला. तो उठला, चपला घातल्या, पुन्हा काढल्या. आज बोललो नाही तर जन्मात बोलणार नाही, हे त्याला पक्कं समजलं होतं.

"वहिनी, राधेश्याम जाग्यावर गेला नव्हता."

वंदना सत्काराच्या शालीची घडी घालत होती. ती थांबली.

आदिनाथने फरशीकडे बघत सांगितलं. "मला ऐकू आल्तं पडल्याचं. मी थांबलो न्हाई. पुढं राहायचं व्हतं मला. फाट्यावर चहा पेत बसलो. मंग मागं गेलो, तवा तो खाली गवतात व्हता, शुद्धीत व्हता. बोलला माझ्याशी. तोवर एकटाच पडल्ता. ह्या जिभेनं मी सगळ्यांशी खोटं बोललो."

त्याला वाटलं होतं ती ओरडेल, हाकलून देईल. त्याची त्याला तयारी होती, किंबहुना तेच हवं होतं. वंदना खाली बसली.

"किती वाजता पडले?"

"सातला पाच कमी आसतील."

"अन् तुम्ही गेलात तवा?"

"साडेसात झाल्ते."

तिने शाल मांडीवर घेतली. बराच वेळ ती त्याच घडीवरून हात फिरवत राहिली.

"मी फोन केल्ता ह्यांना," ती म्हणाली. "सात वाजून दहाला एकदा, अन् पंचवीसला एकदा. येताना दूध आणा म्हणायला. उचलला न्हाई म्हणून चिडल्ते मी. मंग तुम्ही म्हणले जाग्यावर गेले. तवा मी म्हणलं, चला, आपण फोन केला तवा ते नव्हतेच. नुसता खिशात वाजला आसंल. चार महिने हेच धरून बसले मी, भाऊजी."

तिने शाल बाजूला ठेवली.

"म्हंजे त्यांना ऐकू येत व्हता."

बाहेर हलगी थांबली होती. वंदनाने पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"सायकलच्या त्या शर्टाला खिसा पाठीवर आसतो ना? त्यांचा हात कुठं व्हता?"

राधेश्यामचा उजवा हात पाठीखाली मुडपलेला होता. पडताना मोडला असेल, असं आदिनाथ आजवर समजत आला होता. ती एकटक बघत होती, आणि तो खरं सांगायला आला होता.

"मागं," तो म्हणाला. "खिशावर."