वाक्याचं शेपूट

"भिंतीशी बोललं तर निदान आवाज घुमून परत येतो. हिच्याशी बोललं की तेवढंही नाही!"

अक्का भाजी निवडता निवडता लेकाला सुनावत होत्या, आणि तेही आतल्या खोलीत सुनेला नीट ऐकू जाईल अशा बेतानं. लेक चप्पल शोधायच्या निमित्तानं दाराकडे सरकत होता.

"काही विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत बसते. माझं बोलून झालं तरी बघतेच. अगं, संपलं माझं, आता तू बोल! तेव्हा कुठे बाईसाहेबांच्या तोंडातली मिठाची गुळणी सुटते."

"आई, तिचं कामच तसं आहे गं. पोरांचं ऐकून घ्यायचं."

"ऐकायचा पगार! आमच्या वेळी मिळत असता तर तुझे वडील लखपती होऊन गेले असते."

लेक हसत सटकला.

अक्कांची शाळा चौथीतच सुटली, पण जीभ पुढे शिकतच राहिली. समोरच्यानं तोंड उघडलं की त्याला काय म्हणायचंय ते त्यांना आधीच कळे, आणि कळलं की त्या बोलून मोकळ्या होत. दूधवाल्यानं "उद्या जरा" म्हणायचा अवकाश, "येणार नाहीस, माहितीये" हे अक्काच उरकून टाकत. बऱ्याचदा त्यांचं बरोबर असे. नसलं तर तसं सांगायची छाती कुणाची?

सून माध्यमिक शाळेत समुपदेशक होती. म्हणजे काय, ते अक्कांनी शेजारणीला एकदा समजावलं होतं. "पोरं रडायला लागली की हिच्याकडे पाठवतात. रुमालाच्या ऐवजी."

हल्ली सुनेनं शाळेत एक नवंच काढलं होतं. नववीच्या एका वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायची सक्ती नव्हती. हात वर करा, नाहीतर बाकावर टकटक करा. तिथल्या एका मुलीचा 'ह' अडकायचा. तो सुटेपर्यंत पुढचं नाव पुकारलं जायचं आणि पोरगी समोर बसलेली असून गैरहजर लागायची. आता सगळा वर्गच टकटक करू लागला, त्यात तिची टकटक कुणाच्या कानावरही वेगळी येईना.

"शाळा आहे की सुताराचं दुकान?" हा त्यावर अक्कांचा शेरा.

एका रविवारी तीच मुलगी बापाबरोबर दारात उभी राहिली. बाप रंगारी, नखांच्या कडांना पांढरा रंग सुकलेला. कामाच्या दिवशी शाळेत यायला सवड नाही म्हणून सुट्टीचा घरी आला होता. अक्कांनी चहा केला, सगळ्यांना दिला आणि आपला कप घेऊन त्याही तिथेच ठाण मांडून बसल्या.

"आई बसल्या तर चालेल ना तुला?" सुनेनं मुलीला विचारलं. मुलीनं मान डोलावली. आपल्या घरात आपल्याला बसायची परवानगी एका नववीतल्या पोरीनं द्यावी! अक्कांनी ते कसंबसं पचवलं.

"बाई, हिचा दाखला काढायचाय," रंगारी म्हणाला. "तोंडी परीक्षा आलीये. वर्गापुढे उभं करणार, पोरं हसणार. मग ही घरी येऊन जेवत नाही. मला नाही बघवत. हिच्या मावशीकडे शिवण शिकेल. तिथे मशीनच एवढं बोलतं की माणसानं नाही बोललं तरी चालतं."

"तिचं काय म्हणणं आहे?"

"तिनंच सांगितलं की! परवा जेवताना. 'मला शाळा सोडायची.' तिच्या तोंडचे शब्द आहेत, बाई."

सून मुलीकडे वळली. "मला तुझ्याकडून ऐकायचंय. होऊ दे सावकाश."

मुलगी बाहीचं बटण फिरवू लागली. "म... मला श... शाळा..." मान खाली गेली, परत वर आली. "सो... सोडायची..."

आणि अडलं. ओठ मिटले, गळ्याची शीर ताठ झाली. बापानं, बघा, झालं ना, अशा अर्थानं हात पसरले. अक्कांनाही वाटलं, झालंच की. उरलं काय, एक 'आहे'! तेवढ्यासाठी पोरीला कशाला छळायचं? तो 'आहे' त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभाही राहिला.

पण नेमका तेव्हाच त्यांनी चहाचा मोठा घोट घेतला होता आणि चहा होता जाळ. गिळवेना. पाहुण्यांदेखत थुंकणं तर या जन्मात शक्य नव्हतं. अक्का गाल फुगवून, डोळ्यांत पाणी आणून गप्प बसून राहिल्या.

सून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर घाई नव्हती, कीवही नव्हती. गाडी उशिरा का होईना येणारच, हे ठाऊक असलेल्या माणसासारखी ती निवांत होती.

"न... न..."

बापाचे हात हळूहळू खाली आले.

"नाही," मुलगी म्हणाली.

"काय?"

"श... शाळा सोडायची नाही. व... वर्गापुढे उभं राहायचं नाही. त... तेवढंच."

"अगं, मग परवा का नाही बोललीस?"

"ब... बोलत होते. तुम्ही हात ध... धुवायला उठलात."

रंगारी बराच वेळ नखाचा रंग खरवडत बसला. "म्हणजे अर्धीच भिंत रंगवून निघालो म्हणायचं मी," तो म्हणाला, आणि मुलगी खुदकन हसली.

"तोंडी परीक्षा माझ्या खोलीत घेऊ," सून म्हणाली. "समोर एकच बाई. लागेल तेवढा वेळ. मुख्याध्यापकांशी मी बोलते."

"ते ऐकतील?"

"हो म्हणेपर्यंत मी त्यांच्यासमोर बसून राहीन."

मग ऐकणारच, हे अक्कांना स्वानुभवानं माहीत होतं.

दोघं निघाली. अक्कांनी दारातून वाकून पाहिलं. जिन्यात मुलगी काहीतरी सांगत होती आणि बाप पायरीवर थांबून ऐकत होता. पिशव्या घेऊन वर येणारा एक गृहस्थ खोळंबला होता, पण बाप हलला नाही.

"आई," सून कप गोळा करत म्हणाली, "माझा जीव टांगणीला लागला होता. तुम्ही एक शब्द जरी दिला असतात, तरी तिनं दमून तोच घेतला असता. पण तुम्ही थांबलात."

अक्कांची जीभ पार पोळली होती. "मग? मला कळत नाही की काय!" त्या ऐटीत म्हणाल्या.

पण घटकाभरानं त्यांनी उगाचच धाकट्या लेकीला फोन लावला. तिचं लग्न ठरताना ती "मला मुलगा पसंत" एवढंच म्हणाली होती आणि पुढचं अक्कांनी उरकलं होतं. लेक मजेत होती. निदान आवाजावरून तरी.

फोन ठेवून अक्का मोरीशी आल्या. सून कप विसळत होती. तिनं मान वर केली आणि नेहमीसारखी बघत राहिली.

"हे बघ," अक्का म्हणाल्या, "काम चोख आहे तुझं. चारचौघांत सांगेन मी. त्या पोरांसाठी थांब हवी तेवढी, त्यांच्यापाशी वेळ ढिगानं पडलाय. माझ्याशी मात्र जरा भरभर बोलत जा. तुझं सगळं ऐकून मगच जायचंय मला."