मातीसाठीची तीन काडतुसं

माझा धाकटा दीर म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार. कारखान्यात काडतुसं भरायचं खातं त्याच्याकडे, आणि ती गोळीबाराच्या रेंजवर झाडून पास की नापास ते ठरवायचं काम माझ्याकडे. मला चष्मा लागला तेव्हा, वहिनी आता आंधळी कोशिंबीर खेळतात, असं यानंच जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून घरी आला तरी मी त्याला पाणीसुद्धा विचारत नाही.

मंगळवारी याचाच माल आला. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवली, समोर शंभर मीटरवर निशाणाचा कागद. हा मागे उभा राहून चष्म्यावरून टोमणे मारत होता. माझं डोकं तापलं. दहा गोळ्या झाडल्या. सात एका जागी, तीन भलतीकडे. नापास लिहून सही ठोकली. मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आवरताना डबी दिसली. तेलानं पुसलेल्या नळीतून पहिल्या दोन-तीन गोळ्या वाकड्या जातात, म्हणून त्या मातीच्या बांधात घालायच्या, मोजायच्या नाहीत. त्यासाठी वेगळी काढलेली तीन काडतुसं डबीत तशीच पडली होती. वीस वर्षांत पहिल्यांदा विसरले, तेही या मेल्याच्या तोंडापायी. डबी पर्समध्ये टाकली आणि गप्प बसले.

इकडे यानं साहेबांपुढे थयथयाट केला. शेवटी ठरलं, माल पुन्हा तपासायचा, आणि मीच तपासायचा. पुन्हा नापास झाला तर याचं खातं जाणार, पास झाला तर माझी रेंज जाणार. ही अट यानंच घातली.

गुरुवारी सगळे जमले. आधी तीन मातीत घातल्या. मग सात अशा बसल्या की एका नाण्याखाली झाकाव्यात. उरल्या तीन. बोट जरा जास्त आवळलं असतं तरी पुरे होतं, कुणाच्या बापाला कळलं नसतं. याचं घामेजलेलं तोंड मला दिसत होतं. फार फार वाटलं. पण वीस वर्षांत मी एक गोळी मुद्दाम चुकवलेली नाही, ती आता याच्यापायी चुकवू? तिन्ही नेमक्या तिथंच बसवल्या.

मग पर्समधली डबी काढून टेबलावर ठेवली आणि मंगळवारचं सगळं साहेबांना सांगितलं. दीर डोळे फाडून बघत होता.

"वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं? मग आज चुकवली का नाहीत?"

"भाऊजी, नालायक तुम्ही आहात. काडतुसं नाहीत."

साहेब म्हणाले, अट ती अट. मी रेंजची चावी टेबलावर ठेवली आणि कागद काढून घेतला. खात्यात लावायला म्हणून दीर तो मागायला लागला. दिला नाही. माल त्याचा असेल, भोकं माझी आहेत.