गरम इस्त्री आहे, जवळ येऊ नका!

अहो, जरा दाराआड डोकावता का? पाय दुमडून, भिंतीला टेकून उभा आहे ना, तोच मी. इस्त्रीचं टेबल. आयुष्य सगळं उताणं पडून राहण्यात गेलंय माझं. छताकडे बघता बघता डोळा लागल्यासारखं होतं आणि मग समोर दिसतं ते खरं की स्वप्न, माझं मलाच कळत नाही.

एका लहानशा कारखान्यात माझे पाय जोडले गेले. तिथल्या एका मुलीने गुणगुणत माझ्यावर कापूस अंथरला आणि वरून निळं, फुलाफुलांचं कापड ताणून बसवलं. तिचं ते गुणगुणणं अजून माझ्या अंगात मुरलेलं आहे. पुढे एका बसचालकाने मला विकत घेतलं. गडी भारी टापटिपीचा. गणवेशाच्या शर्टाला कडक इस्त्री हवी म्हणजे हवी. मग त्याचं लग्न झालं, थोरली आली, पाठोपाठ धाकटा आला आणि माझ्यावर ओले टॉवेल, खेळणी, दप्तरं, वाट्टेल ते येऊन पडू लागलं.

त्याची बायको, म्हणजे आमची बाई, चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवून बघायचे आणि घरी आलं की स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, भांडी. तिला हौस एकच, संध्याकाळची मालिका. बेटावरच्या दीपगृहात राहणारी एक बहीण आणि समुद्रात हरवलेली तिच्या भावाची होडी, अशी काहीतरी ती गोष्ट. पण सुखाने बघायला मिळेल तर शपथ! ऐन वेळी आतून हाक यायचीच.

"आई, माझी वही कुठंय?"

"आई, ही बघ ना मला चिडवतेय!"

एकदा ती मला टीव्हीसमोर मांडून इस्त्री करत होती. मुलं भांडत धावत आली.

"गरम इस्त्री आहे, जवळ येऊ नका!" ती ओरडली.

मुलं दारातच थबकली आणि मुकाट्याने मागे फिरली. नवराही "चालू दे तुझं" म्हणत आत गेला. मालिका संपेपर्यंत तिकडे कुणी फिरकलं नाही. बाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तेव्हापासून रोज आमची मैफल. मला पडदा दिसत नसे, दिसायचा तिचा चेहरा. वादळ आलं की भुवया वर जायच्या. दूर कुठे दिवा लुकलुकला की ओठ हलायचे. इस्त्रीची वाफ वर चढायची, लाटांचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, आपणच तरंगतोय, धुक्यात, हळूहळू, कुठे पोचायची घाई नसल्यासारखे. इतकं सुख मी दुसऱ्या कशात पाहिलं नाही.

कपडे संपले की उशांचे अभ्रे, रुमाल, मोजे. एकदा तर फरशी पुसायच्या फडक्यालाही कडक इस्त्री झाली!

नवऱ्याच्या मात्र ते जिवाला लागलं. "किती राबतेस गं," तो म्हणाला. "उद्यापासून कपडे लाँड्रीत. माणूस घरी येऊन नेईल, आणून देईल. तू आपली निवांत बस."

इतक्या मायेने म्हणाला की तिला नाही म्हणवेना. "बरं," एवढंच म्हणाली. त्याने स्वतः मला पुसलं, दुमडलं आणि दाराआड ठेवलं. भला माणूस! पण मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू!

ती निवांत बसली खरी. पण रिकामे हात दिसले की घर त्यांत काही ना काही ठेवतंच. मांडीवर धाकटा, समोर थोरलीचं गणित, फोनवर दुकानाचा मालक. भावाची होडी कुठवर आली, तिला पत्ताच लागेना. दाराआडून मला लाटा ऐकू यायच्या आणि त्यांच्या वरताण "आई, आई".

मग शेवटच्या भागाचा दिवस उगवला. होडी परत येणार की नाही, ते आज कळणार होतं. बाईने मला ओढून काढलं, टीव्हीसमोर उभं केलं. पण इस्त्री करणार कशाला? सगळे कपडे लाँड्रीतून कडक होऊन आलेले. तिने कपाटातला गठ्ठा उचलला आणि एकेक कपडा दोन्ही हातांनी चुरगळायला सुरुवात केली.

तेवढ्यात ड्यूटी संपवून नवरा दारात हजर.

"अगं, हे काय करतेस? आजच आलेत ना इस्त्री होऊन?"

ती दचकली. हातातला फ्रॉक छातीशी धरून तशीच उभी राहिली.

"मला इस्त्री नाही करायची रे. मला माझी मालिका बघायचीय. इस्त्री करत असले की कुणी हाक मारत नाही, म्हणून करत होते. रोज."

त्याने गणवेशाची बटणं काढली, शर्ट उतरवला, दोन्ही मुठींत धरून चांगला चुरगळला आणि माझ्यावर ठेवला.

"हाही घे. सावकाश कर, घाई नाही." मग त्याने आत हाक दिली, "चला रे दोघं, खाली जाऊ!"

"बाबा, बनियनवर?" थोरली किंचाळली.

"बनियनवर!"

दार लागलं. घर शांत झालं. तिने इस्त्री चालूच केली नाही. दोन्ही कोपरं माझ्यावर टेकून बघत राहिली. लाटांचा आवाज वाढत गेला आणि एकदम थांबला. तिच्या हनुवटीवरून एक थेंब माझ्यावर पडला, पण ती हसत होती. होडी आली, मी समजलो.

आता दुसरी मालिका लागलीय. माझं कापड विटलंय, एक पाय करकरतो, इस्त्री तर माझ्या वाट्याला क्वचितच येते. संध्याकाळी बाप मुलांना घेऊन खाली जातो आणि ती चहाचा कप माझ्यावर ठेवून उभी राहते. मला तेवढं पुष्कळ आहे.

एकच मागणं आहे तुमच्याकडे. तुमच्या घरात कुणी धड कपड्यांना पुन्हा इस्त्री करताना दिसलं, तर हातातलं काम काढून घेऊ नका. मुलांना घेऊन जरा बाहेर जा. आणि जाताना दार हळू लावा.